सुपातले शंभर चिंचोके

बायांनो, हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. मी सुदुंबऱ्याहून बोलतेय. ग्रामसंघाच्या वह्या मी लिहिते, म्हणून ताईंनी मला सांगितलं, सरकारच्या पैशावर बोल. मी म्हटलं, गटाच्या पेटीतला पैसा मला कळतो, सरकारचा कसा कळावा? पण गटात एक भांडण झालं आणि त्या भांडणानं मला बरंच शिकवलं. तेच सांगते.

बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, आणि विषय निघाला लाडक्या बहिणीच्या दीड हजाराचा. एक वहिनी म्हणाली, "हे पैसे वाटतात म्हणून रस्त्याला पैसा उरत नाही. पंधराशे घ्या अन् चिखलातून चाला." दुसरी लगेच उसळली. "रस्त्याचा पैसा कधी माझ्या हातात आला होता का? कुणापुढं हात न पसरता मिळणारा हा माझा पहिला पैसा आहे." झालं. अर्ध्या बाया इकडे, अर्ध्या तिकडे. मला दोघींचंही पटत होतं, आणि हिशेब लिहिणारीला असं चालत नाही. हिशेब एका बाजूला लागावा लागतो.

म्हणून आधी साधा भागाकार केला. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपये धरले होते. एका बाईला वर्षाला अठरा हजार. ३६ हजार कोटींना १८ हजारांनी भागलं की येतात बरोबर दोन कोटी बाया. योजना २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला होता. त्याचा भागाकार येतो साधारण अडीच कोटींच्या वर. म्हणजे दोन आकड्यांमध्ये पंचावन्न लाख बायांचा फरक. आता हा भागाकार अगदी काटेकोर नाही, कारण ज्यांना नमो शेतकरीचे पैसे मिळतात त्यांना इथे पाचशेच मिळतात. तरी कागद काय बोलतो ते कळलं. माणसं कमी होणार हे बातमी यायच्या आधी आकड्यात लिहिलेलं असतं.

पण भांडण किती बायांना मिळतं याचं नव्हतं. पैसा पुढे काय करतो, याचं होतं. ते भागाकाराने कळत नाही. मग आम्ही चिंचोके आणले.

सुपात शंभर चिंचोके घेतले. सूप म्हणजे सरकार. मधे एक घमेलं ठेवलं. घमेलं म्हणजे गावाबाहेर. वीस बाया गोल बसल्या. नियम असा केला की ज्या बाईला चिंचोके मिळतील तिनं निम्मे गावातल्याच कुणाला तरी द्यायचे, म्हणजे दूधवाल्या मावशीला, गिरणीवालीला, ब्लाउज शिवणारीला. निम्मे घमेल्यात टाकायचे. शंभर वाटले. त्यातले पन्नास पुढे गेले, मग पंचवीस, मग बारा, सहा, तीन, एक. प्रत्येकीनं आपल्या हातात किती आले ते मोठ्यानं सांगायचं आणि मी लिहायचं. बेरीज आली एकशे सत्त्याण्णव. सरकारनं टाकले शंभर, गावाची कमाई झाली जवळपास दोनशे. एक म्हातारी आजी म्हणाली, "ही तर भानामती!" भानामती नाही. तोच चिंचोका चार हातांतून गेला, तर चार जणींची कमाई झाली. तुमचा खर्च ही माझी आमदनी असते.

मग मी म्हटलं, आता खरं खेळू. प्रत्येकीनं आठवून सांगायचं, हातातल्या दहापैकी किती खरंच गावात राहतात. इथं हशा संपला. तेल? घमेल्यात. मोबाइलचा रिचार्ज? घमेल्यात. सिलिंडर, औषधं, तळेगावच्या शाळेची फी, साबण, सगळं घमेल्यात. दहातले दोन गावात राहिले म्हणू. शंभर, मग वीस, मग चार, मग एक. एकशे पंचवीसवर गाडी थांबली. नियम तोच, चिंचोके तेवढेच, सरकारही तेच. बदललं ते फक्त किती गळतं ते. दहातले आठ गावात राहिले असते तर पाचशे झाले असते, ते मोजायला रात्र झाली असती.

तेलाचं मला फार लागलं. आपलं सुदुंबरे म्हणजे संताजी जगनाडे महाराजांची समाधी असलेलं गाव. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले एक, जातीनं तेली, घाणा चालवणारे. त्यांच्या काळी गावच्या तेलाचा पैसा शेतकऱ्याकडून तेल्याकडे आणि तेल्याकडून पुन्हा शेतकऱ्याकडे असा फिरत असणार. आज आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येतं. म्हणजे हा चिंचोका गावाबाहेरच नाही, थेट देशाबाहेर जातो.

आम्ही जे चिंचोक्यांनी केलं ते मोठे अर्थशास्त्रज्ञ समीकरणांनी करतात आणि त्याला मॉडेल म्हणतात. पण एकानं ते पाण्यानं केलं होतं. त्याची गोष्ट सांगते, कारण तिच्यात रेडिओपण आहे. बिल फिलिप्स नावाचा न्यूझीलंडचा माणूस. दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात तो जावा बेटावर जपान्यांच्या कैदेत होता. तिथं त्यानं चोरून रेडिओ बनवला आणि कैद्यांना बाहेरच्या जगाची खबर मिळू लागली. युद्धानंतर तो लंडनला शिकायला गेला आणि १९४९ मध्ये घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये पुरुषभर उंचीहून मोठं एक यंत्र उभं केलं. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि रंगीत पाणी. पाणी म्हणजे देशाचं उत्पन्न. वरून खाली येताना एका नळीनं कर वळतो, एका नळीनं बचत, एका नळीनं आयात. सरकारचा खर्च दुसऱ्या नळीनं परत मुख्य धारेत येतो. कराची झडप थोडी जास्त उघडली की खालच्या टाकीतलं पाणी किती उतरतं ते डोळ्यांनी दिसायचं, आणि एक पेन कागदावर रेघ ओढत जायचा. असं एक यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलंय.

मला त्यातलं एकच आवडलं. धरणाचं पाणी सोडलं की ते टेलपर्यंत पोचेलच असं कुणी म्हणत नाही. मधे पाट फुटलेला असतो, कुणी मोटार टाकलेली असते. मग "इतके कोटी मंजूर" ऐकल्यावर ते सगळे पोचलेच असं आपण का समजतो?

आता भांडणाकडे. रस्ता की रोख?

दिल्लीत सरकारी पैशाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसी. तिथल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी २०१३ मध्ये भारतासाठी मॉडेल करून पाहिलं. सरकारनं एक रुपया बांधकामावर, म्हणजे रस्ते, पूल, कालवे असल्या कायम राहणाऱ्या गोष्टींवर घातला, तर देशाचं उत्पन्न २ रुपये ४५ पैशांनी वाढतं. तोच रुपया लोकांच्या हातात रोख दिला तर ९८ पैशांनी. याला गुणक म्हणतात. आमच्या दोनशेच्या खेळात गुणक होता दोन.

हे सांगितल्यावर रस्तेवाली वहिनी खूश झाली. "बघा!" मी म्हटलं, थांब. हा आकडा देशाचा आहे. देशासाठी सिमेंट चंद्रपूरचं असो की राजस्थानचं, पैसा घरातच राहिला. सुदुंबऱ्यासाठी नाही. आपला रस्ता झाला तेव्हा काय झालं आठवा. ठेकेदार बाहेरचा, जेसीबी बाहेरचा, डांबर बाहेरचं, चार मुलं कामाला होती तीही बाहेरची. चहा तेवढा गावात प्याले. सगळा रुपया संध्याकाळपर्यंत घमेल्यात. उलट पंधराशे निदान पहिल्या फेरीत तरी गावच्या वाण्याकडे, गिरणीवर, दूधवालीकडे जातात. म्हणजे अर्थशास्त्रज्ञाचा आकडाही खरा आणि दुसऱ्या बाईचं म्हणणंही खरं. घमेलं कुठं ठेवायचं यावर ते ठरतं. देशाच्या वेशीवर, जिल्ह्याच्या, की गावाच्या? जो आकडा सांगतो त्याला हे पहिलं विचारायचं.

वहिनीचं म्हणणं यानं संपत नाही हेही सांगितलं पाहिजे. चिंचोके फिरून थांबतात, रस्ता तिथंच राहतो. दुधाची गाडी वेळेवर येते, बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचते. हे कसं मोजायचं? आपल्या पुण्यातच हे मोजलं गेलंय. डेक्कनवर गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, १९३० पासूनची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. नगर-नाशिककडच्या गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा त्यांनी अभ्यास केला, तो १९४८ मध्ये छापून आला. कालव्याचा फायदा म्हणजे पाणीपट्टी किती जमली एवढाच का? त्यांनी पाण्याखालची गावं पाहिली, कोरडवाहू गावं पाहिली, आणि पाण्यामुळे मजुरी, पिकं, धंदा यांत काय फरक पडतो तो पाहिला. थेट फायदा आणि आडून होणारा फायदा, दोन्ही. पुढे हेच गाडगीळ लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. नुसतं मोजून थांबले नाहीत, म्हणून मला त्यांचं कौतुक.

तर एकीकडे रस्ता टिकतो पण पैसा निघून जातो, दुसरीकडे पैसा हातात येतो पण मागे काही उभं राहत नाही. दोन्ही एकाच वेळी होईल असं काही नाही का? आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रानं काढलं. तुमच्या सासवांना विचारा. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला, तलाव खणायला, रस्त्याची माती टाकायला बाया डोक्यावर घमेली घेऊन उभ्या होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राज्यात जवळपास ५० लाख माणसं होती आणि त्यात बायांची संख्या फार मोठी होती. वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगलीकडे तासगाव तालुक्यात या कल्पनेची सुरुवात केली होती. मागेल त्याला काम. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला तो याच्यावरून.

त्यातली हुशारी बघा, कारण ती मॉडेलवाल्यांना आजही शिकवण्यासारखी आहे. पैसा आणला कुठून? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. नोकरदारांच्या पगारातून दर महिन्याला कापतात ना, तोच. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची. शहरात पगार घेणाऱ्याच्या हातात तो रुपया असता तर त्यातला काही बँकेत पडून राहिला असता. मजूर बाईच्या हातात आला तो त्याच आठवड्यात ज्वारीवर गेला. पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत आलं आणि लगेच वाहू लागलं. दुसरं म्हणजे खर्चाचा मोठा वाटा मजुरीवर गेला पाहिजे असा नियम, म्हणजे यंत्र आणि ठेकेदार यांच्या वाटेला कमी. गळती बांधली. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. पाऊस चांगला झाला की कामावर माणसं कमी येतात, खर्च आपोआप कमी. दुष्काळ पडला की माणसं येतात, खर्च आपोआप वाढतो. मुंबईत बसून कुणाला ठरवावं लागत नाही की आता नळ सोडा. बाई घमेलं घेऊन दारात उभी राहिली की नळ सुटला. कागदावर असं होतं, प्रत्यक्षात मजुरी उशिरा यायची, हजेरीपटात घोळ व्हायचे. ते जुन्या बायांकडून ऐका, माझ्यापेक्षा त्या चांगलं सांगतील.

मॉडेल चुकतंसुद्धा, हे एका उदाहरणानं सांगते. सोयाबीनला भाव नव्हता. केंद्रानं १४ सप्टेंबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. हिशेब सरळ होता. बाहेरचं तेल महाग, म्हणून इथल्या सोयाबीनला मागणी, म्हणून भाव वर. आपल्याकडे तेलाचा पुडा महाग झाला, तो तर सगळ्यांना आठवतो. पण सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि कितीतरी बाजार समित्यांत भाव त्याच्या खालीच राहिला. का? सोयाबीनच्या दाण्यात तेल पाचवा हिस्साही नसतं. उरलेली सगळी पेंड. आणि पेंडीचा भाव पडलेला होता. ज्या हिशेबात तेल धरलं आणि पेंड विसरली, त्याचं उत्तर असंच येणार. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. स्वयंपाकघरानं दिलं, लातूरच्या शेतकरणीला मिळालं का? थोडं. मधे कुठं गळलं ते बघायला पुन्हा चिंचोके मांडायला हवेत.

आता एक प्रश्न राहिला, तो वहिनीनं शेवटी विचारलाच. "सुपातले शंभर आले कुठून?" काही आपल्याच करातून. साबण घेतला तरी जीएसटी गेला, तो काही फक्त पगारवाले भरत नाहीत. उरलेले कर्जातून. राज्यावरचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजात ९ लाख कोटींच्या पुढे गेलंय. गटात आपण विचारतो, म्हशीसाठी काढतेस की लग्नाच्या मांडवासाठी? म्हैस हप्ता फेडते, मांडव फेडत नाही. सरकारला तसंच विचारावं. पण सरकार म्हणजे घर नव्हे, एवढा एक फरक ध्यानात ठेवा. मी खर्च कमी केला तर माझी आमदनी कमी होत नाही, वाणीणबाईची होते. सरकारनं खर्च आखडला तर गावोगावच्या वाणीणबाईंची विक्री घटते आणि विक्रीबरोबर सरकारचा करही घटतो. खेळात आम्ही हेही पाहिलं. एका फेरीत सगळ्यांना सांगितलं, वाईट दिवस आलेत, आलेले चिंचोके पदरात बांधून ठेवा. शंभरावरच खेळ बंद. प्रत्येकीनं शहाणपण केलं आणि सगळ्या मिळून अडकल्या. टाळेबंदीत हेच झालं होतं. मात्र याचा अर्थ सूप हवं तेवढं हलवत राहावं असाही नाही. दुकानात मालच नसेल आणि सगळ्यांच्या हातात चिंचोके असतील, तर मालाची किंमत तेवढी चढते.

शेवटी त्या भानामतीवाल्या आजी. खेळभर त्यांच्या हातात एकही चिंचोका आला नव्हता, कारण त्या काही विकत नाहीत. त्या म्हणाल्या, "मी पहाटे उठून पाणी भरते, सुनेची दोन लेकरं सांभाळते, म्हणून ती कंपनीत जाते. माझा चिंचोका कुठंय?" कुणाला उत्तर देता येईना. खरं म्हणजे मोठ्या मॉडेलांनाही येत नाही. देशाच्या उत्पन्नात हे काम धरतच नाहीत. सरकारनं २०१९ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७. एवढी मिनिटं मोजली, पण उत्पन्नाच्या बेरजेत ती नाहीत. म्हणून पाणी घरापर्यंत आणण्याचा खर्च कागदावर नुसता खर्च दिसतो, वाचलेल्या पहाटा दिसत नाहीत. आजींनी सुपातून मूठभर चिंचोके उचलले आणि पदरात टाकले. "हे पाण्याचे," म्हणाल्या. आम्ही ते परत मागितले नाहीत.

भांडण मिटलेलं नाही. पण आता ते "रस्ता की रोख" असं राहिलेलं नाही. पुढच्या ग्रामसभेला आम्ही कामांची यादी आणि प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक मागणार आहोत. त्यात मजुरी किती, साहित्य किती, मजूर गावातले घेणार की बाहेरचे, एवढं विचारणार. आपल्याच गावात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. तिथं रोज किती दूध, किती भाजी लागते आणि ती कुठून येते, हे एका गटानं विचारून यायचं ठरलंय. सरकारचा पैसा वेशीपर्यंत आलेलाच आहे, आत येतो का ते पाहायचं.

मंगळवारी चार वाजता मंदिराच्या सभामंडपात या. चिंचोके माझ्याकडे डब्यात आहेत, आजींनी घेतलेले सोडून. घमेलं मात्र कुणीतरी घेऊन या, माझं खालून गळकं आहे.